मल्हारीची शेवटची तसबीर

“या, हाणा जोडा! सात समुद्र लुटले यानं, तुमच्या जोड्यातून सुटतोय कुठं?”

सिल्लोडच्या आठवडी बाजारात मी सकाळपासून घसा फोडत होतो. पोलिस ॲक्शनला दोनच वर्षं झाली होती. औरंगाबादेत आमच्या नाटक कंपनीचा तंबू लागला होता, जहाजावरच्या लुटारूचं नाटक जोरात होतं, आणि नटांच्या छापील तसबिरी विकणं माझं काम. नायकाची तसबीर लोक देवाशेजारी लावत, लुटारूची खांबाला ठोकून जोड्यानं बडवत. फाटली की दुसरी घेत. ही टूम माझीच, आणि तिचा मला भारी तोरा होता.

लुटारू व्हायचा आमचा मल्हारी. मेंढरं राखणाऱ्याचा पोर. समुद्र कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. दाढी मात्र खरी होती. बाजारात गावचं माणूस भेटेल म्हणून तो त्या दिवशी माझ्यासोबत आला होता.

“बन्सी, एक तसबीर जपून ठेव. मायला धाडायचीय. सहा साल झाले, तोंड विसरली असंल माझं. दुसरा फोटू नाय.”

“ठेवली रे,” म्हणालो. छापलेल्यांतली ती शेवटचीच उरली होती; तो चहाला गेल्यावर तीही विकली. हाव, दुसरं काय.

घेणारी आवडाबाई. पोलिस ॲक्शनच्या आधीच्या धुमाळीत तिचं घर जाळलं होतं, लेकाला कुऱ्हाडीनं तोडलं होतं. मारणाऱ्यांची तोंडं तिला अंधारात दिसलीच नव्हती. तसबिरीला ती जोडा हाणत सुटली. तेवढ्यात मल्हारी समोर आला.

“ह्योच,” ती म्हणाली. “माझा लेक मारला त्यो ह्योच.”

पहिला दगड कपाळावर बसला. मग काठ्या, मग लाथा. “माय, मी मल्हारी,” तो तिला म्हणत राहिला, दात तुटेपर्यंत. नट हाय तो, नाटकातला, असं मी ओरडत होतो. पण सकाळपासून ‘हाणा’ म्हणणारा मीच. माझं कोण ऐकणार? दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच तो गेला. प्रेत सिल्लोडलाच जाळलं.

तिसऱ्या दिवशी मी आवडाबाईकडे तसबीर मागितली. तिला तोवर सारं कळलं होतं. तिनं ती मांडीवर सरळ केली आणि माझ्या हाती दिली.

मी गावी पोचण्याआधीच मल्हारीच्या आईला, सारजाबाईला, निरोप पोचला होता. मेंढरांजवळ बसूनच तिनं तसबिरीचा कागद हातात घेतला.

“हे काय हाय?”

“जहाज.”

“आन् माझा मल्हारी?”

जोड्यांनी जिथं भोक पडलं होतं तिथं मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला सारलं आणि त्या भोकावर आपला तळवा ठेवला.