निर्विष निळाई

कार्तिक उतरणीला लागला की झाडीपट्टीतले ऊन प्रौढ होते. तलावांच्या पाठीवरून ते धावत नाही. धानाच्या लोंब्यांवर टेकते, बांध्यांतल्या, धानाच्या त्या खाचरांतल्या, ओसरत्या पाण्यात आपले पिकलेले मुख न्याहाळते, आणि भाराने वाकलेल्या शिवारावर इतके सोने सांडते की सोन्याची किंमत तेवढ्यापुरती तरी शून्य व्हावी.

अशा उभ्या धानात, विळा लागण्यापूर्वी, लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फेकली जाते. नांगर नाही, सरी नाही, मंत्र नाही. ओल्या चिखलात मूठमूठ दाणे पडतात, आणि एका पिकाच्या सावलीत दुसरे पीक डोळे उघडते. मग धान कापले जाते, वर आकाश मोकळे होते, आणि पौषात, पाण्याचा थेंबही न मागता, त्या रित्या बांध्यांतून निळे फूल उमलते. इवलेसे, नीलकंठी, निरपेक्ष. ते फुकट उमलते, म्हणून त्याच्यावर स्तोत्रे रचली गेली नाहीत.

या निळाईच्या दाण्यात विष आहे. अल्प, संयमी, सभ्य विष. भाताबरोबर, भाजीबरोबर अधूनमधून खाल्ले तर ते निमूट निघून जाते. पण ज्या वर्षी तलाव आटतात, धान करपते आणि महिनोन्‌महिने चुलीवर लाखोळीखेरीज काही चढत नाही, त्या वर्षी ते पायांत उतरते. गुडघे आखडतात, ते जन्मभरासाठी. रोग दाण्याचा जितका, त्याहून अधिक रिकाम्या शिंक्याचा. विद्वज्जनांनी दाण्याला दोषी ठरवले. शिंक्यावर खटला भरण्याची तरतूद कोणत्याही संहितेत नव्हती. विक्रीला बंदी झाली. ज्यांच्या ताटात तूर होती त्यांनी ही बंदी घातली. ज्यांच्या ताटात दुसरे काहीच नव्हते ते ती मोडीत जेवले.

आमटोल्याची सीतकुराआत्या कोवळ्या वयात अशाच एका वर्षातून चालत गेली, आणि पलीकडे निघाली ती पाय ओढीत. तिचे गुडघे एकमेकांना ओलांडीत चालतात, कात्रीच्या पात्यांसारखे. ते दुखले थोडे, दिसले फार. सोयरिकीला आलेली माणसे तिची चाल पाहून चहा अर्धा टाकून उठली, आणि ‘लाखोळीच्या घरची’ हे बिरुद तिच्यामागून तिच्या धाकट्या बहिणींच्याही कपाळी आले. बहिणी पुढे दूरदेशी दिल्या. आत्या माहेरीच राहिली, माहेरच्या बांध्या कसत राहिली, आणि दर पौषात निळ्या फुलांत उभी राहून हसत राहिली, कारण तिला ते फूल आवडत असे. अपराध्यावर प्रेम करण्याचा हक्क तिने कोणालाच मागितला नाही.

तिच्या भावाची लेक मंदाकिनी कडधान्य-संशोधन केंद्रात बीजशास्त्रज्ञ झाली. पूर्वीचे पैदासकार फुलाची वाट पाहत, शेंगेची वाट पाहत, दाण्याची वाट पाहत केस पांढरे करीत. मंदाकिनी दोन पानांच्या रोपाचे नखाएवढे पान खुडते. त्याच्या पेशींत चार अक्षरांनी लिहिलेला वंशलेख यंत्रातून वाचते. आणि जे झाड अजून झालेच नाही त्याचे विष आधीच जाणते. या वाचनाने तिला सौम्य दाण्याची लाखोळी लाभली. ती फुलली तेव्हा तिचे फूल पांढरे होते.

केंद्राचे प्रमुख डॉ. वैराळे प्रसन्न झाले. ते मूर्ख नव्हते. त्यांचे कारण पक्के होते. मधमाशी शेजारच्या बांधीतला विषारी पराग आणते, आणि पांढऱ्यात निळ्याची भेसळ झाली की पुढल्या पिढीत निळे फूल वर येऊन स्वतःच चहाडी करते. ते झाड उपटावे, वाण शुद्ध राहतो. “पांढरं फूल म्हणजे सहीच आहे, मॅडम,” ते म्हणाले. “कुणाचं शेत निर्धोक, हे गाडीतून उतरावंसुद्धा लागणार नाही.”

मंदाकिनीने ते फूल ओल्या फडक्यात गुंडाळून आमटोल्याला नेले.

“हे काय आणलं वं?”

“लाखोळी, आत्या. हिनं पाय आखडत नाहीत.”

आत्याने फूल उन्हात धरले, फिरवले, पुन्हा फिरवले. “सारं वावर असं पांढरं दिसलं तं लोक पुसतीन, मेलं कोण.”

मंदाकिनी हसली. आत्याने फूल तिच्या तळहातावर परत ठेवले. “आन् ज्याच्या बांधीत निळंच राहीन, त्याच्या पोरीले पाहाले कोण येईन? माहे पाय तं घरात आल्यावर दिसत. हे सडकेवरूनच दिसन.”

मंदाकिनीचे हसणे ओठांवरच थिजले. जीपच्या काचेतून वाचता येईल असा दारिद्र्याचा नकाशा आपण फुलांनी रंगवायला निघालो होतो, हे तिला त्या तळहातावरल्या शुभ्रतेत स्वच्छ दिसले.

केंद्रात परतून तिने वैराळेंना आत्याचे बोलणे सांगितले आणि निळे मागितले. निर्विष आणि निळे.

“विषाचाच पोशाख निर्विषाला चढवायचा म्हणता,” वैराळे म्हणाले. “मग मधमाशीची चोरी पकडायची कशी? बरं, या हंगामाची रोपं तुमची. निळं सापडलं तर बोलू. नाही सापडलं, तर पांढरंच गावोगाव जाईल.”

वंशाची माळ विचित्र असते. तिच्यात फुलाचा रंग आणि दाण्याचे सौम्यत्व हे दोन मणी शेजारी शेजारी ओवलेले; एक उचलावा तर दुसरा सोबत येतो. क्वचित, पिढी पिढीला भेटताना, माळ नेमकी त्या दोन मण्यांमध्ये तुटते आणि वेगळी गुंफली जाते. त्या तुटण्याची ती वाट पाहत होती. पान खुडावे, वाचावे: पांढरे, निर्विष. पान खुडावे, वाचावे: निळे, सविष. पांढरे, निर्विष. निळे, सविष. हिवाळा रोपवाटिकेच्या जाळीवर दव ठेवीत होता, दव उचलीत होता, आणि वंशलेख आपले तेच पालुपद निर्विकारपणे म्हणत होता.

मग एका सकाळी पालुपद चुकले. कोपऱ्यातल्या पसरट कुंडीतले एक रोप, काडीसारखे, काही विशेष नसलेले. तिने ते पुन्हा वाचले, दुसरे पान खुडून पुन्हा वाचले. निळे, निर्विष. तिने त्याच्यावर मलमलीची जाळी घातली, आणि त्या श्वेत गर्भागारात यथाकाळ एक फूल उमलले: आत्याच्या बांधीतले, हुबेहूब, किंचितही सुधारलेले नाही. त्याचे दाणे तपासले, सौम्य. पुढल्या पिढीत पांढऱ्याचा उरलासुरला धागाही गळून पडला.

वैराळे जाळीपाशी वाकले. “रंग तर मिळाला. माझी मधमाशी तशीच आहे.”

“तिला कुंपण घालत बसायला नको, सर. तलावाखालच्या सगळ्या बांध्यांत एकाच कार्तिकात हेच बी फेकू. सगळा परागच सौम्य असेल, तर ती आणून आणून काय आणेल?”

“आणि खात्री?”

“दर पौषात प्रत्येक बांधीतलं पान मी वाचीन.”

“जन्मभराचं काम लावून घेताय. लोक आपलं जुनं बी सोडतील?”

“पांढऱ्यासाठी सोडणार नाहीत. निळ्यासाठी सोडतील.”

वैराळेंनी जाळीची कड नीट खोचली. “आत्याबाईंना नमस्कार सांगा. माझी सोय त्यांनी पार मोडली.”

बी वाढवण्यात काही हंगाम गेले, मग एका कार्तिकात ते सगळ्या बांध्यांत पडले, आणि पौष आला. धुके तलावावरून उठले, बांध्यांवर आडवे झाले, विरले. आणि खाली जे उरले ते निळे होते. आत्याची बांधी निळी, हातझाड्यांची निळी, धिवरांची निळी, ज्याच्या घरी तूर शिजते त्याची निळी, ज्याच्या घरी शिजत नाही त्याचीही निळी. मंदाकिनी पानांच्या पुड्या बांधीत होती. आत्या बांधाच्या धुऱ्यावर पाय लांब करून ऊन खात होती.

सडकेवर एक गाडी थांबली. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ काचेतून डोकावले. “बाई, हातझाडेचं घर कोणतं?”

“पोरगी पाहाले आले का? सरळ जा. आंब्यापासून डावीकडं.”

गृहस्थांनी शिवारावर नजर टाकली, धान्य पाहणाऱ्याची, जाणकार, थंड नजर. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि कुठेही अडखळली नाही. “लाखोळी बेस फुलली औंदा.”

“हो, बरी हाय.”

गाडी गेली. आत्या गालातल्या गालात हसत म्हणाली, “एवढं शिकली तू, एवढं केलं, आन् त्यायले काईच दिसलं नाही वं.”

मंदाकिनीने हातातल्या पुडीला गाठ मारली. तिच्या मुद्रेवर एक दीर्घ, निवांत तृप्ती पसरत होती. आंब्यापाशी गाडी डावीकडे वळली, धूळ उठली, धूळ बसली; एका अंगणात कुणीतरी सतरंजी झटकली, कुणीतरी पाण्याचा तांब्या भरला; आणि सडकेच्या दोन्ही बाजूंना, कुणाचे काही न सांगणारी, कुणाचे काही न पुसणारी, निळाई वाऱ्यावर वाकली, उठली, आणि पुन्हा वाकली.