पाच किलोची गाढ झोप

दुपारच्या सुट्टीत आमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. निद्रागुरू आले होते.

"हा पट्टा मनगटाला बांधा. फोनमधल्या लहरी तुमच्या मेंदूची समजूत घालतील. फक्त हलायचं नाही, लहरी बिचकतात. सकाळी झोपेचे गुण फोनवर."

आधीच पट्टा घेतलेल्या टायपिस्टबाईंना अठ्ठ्याऐंशी गुण पडले होते. लोक त्यांच्या पाया पडायचे तेवढे बाकी होते.

सर्वांत पुढे मी होतो. वजनकाटे तपासणारा निरीक्षक. वीस वर्षांत प्रमाणित वजन ठेवून पाहिल्याशिवाय एकाही काट्यावर शिक्का न मारणारा. पण दोन महिने झोप नव्हती, आणि मागच्याच आठवड्यात डुलकी लागून स्कूटर दुभाजकाला घासली होती. अक्कल गहाण ठेवायला एवढं पुरे झालं.

आठ दिवस रोज नव्वदच्या वर गुण. डोळे मात्र लालभडक.

"डॉक्टरांची वेळ रद्द करतो," मी बायकोला म्हणालो. "झोप लागतेय मला. फक्त कळत नाही."

"आणि स्कूटर?"

"नव्वद गुण आहेत. चालवणार."

ती शाळेत विज्ञान शिकवते. त्या संध्याकाळी तिने पट्टा चार्जिंगला म्हणून काढून घेतला, आणि मी तेही विसरलो. सकाळी तिने फोन पुढे धरला. ब्याण्णव. 'अभिनंदन! गाढ झोप!'

"बघ," मी म्हणालो.

"अहो, पट्टा कुठेय?"

मनगट मोकळं होतं. तिने माझी कामाची बॅग उघडली. पट्टा माझ्या पाच किलोच्या पितळी वजनाला गुंडाळलेला होता.

"हललं नाही म्हणजे झोपलं, एवढंच त्याला कळतं. तुम्ही हलायचं नाही म्हणून टक्क जागे पडून असता. स्कूटरवरून पडलात, तर मी हे गुण घेऊन काय करू?"

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी गुरू पुन्हा ऑफिसात आले, तेव्हा मी ते वजन पट्ट्यासकट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळी हकीकत सांगितली.

"पितळेचा स्वभाव मुळातच शांत," गुरू म्हणाले. शेजारी उभ्या टायपिस्टबाईंनी आपल्या मनगटावरचा पट्टा सोडला.

डॉक्टरांनीही फोनमधल्या अ‍ॅपचाच उपचार दिला, तेव्हा मी दचकलो.

"यात लहरी नाहीत, कष्ट आहेत," त्या म्हणाल्या. "झोपेची रोज नोंद, उठायची एकच वेळ, झोप येईना तर अंथरुणातून बाहेर. याच्या चाचण्या झाल्यात. बऱ्याच जणांना गुण येतो, सगळ्यांना नाही."

त्या 'सगळ्यांना नाही'वर माझा विश्वास बसला. पहिले दोन आठवडे जीव नकोसा झाला. दीड महिन्याने बऱ्यापैकी झोपू लागलो आणि मगच स्कूटरला हात लावला.

उपचार फोनमधून येवो की बाटलीतून, एवढं विचारा: तपासलं कोणी, आणि कशावर? हेच विचारायचा मी वीस वर्षं पगार घेतला, आणि स्वतःच्या वेळी विसरलो. तुम्ही विसरू नका.