वेंडेलचं मौन

"पोरी, तुझ्या फिल्ममध्ये मला फक्त जावई ऐकू येतो," बाबा म्हणाले आणि कॉफीचा कप चाचपून त्यांनी पुढे ओढला.

लोरीनचे हात पिठातच थांबले. बाबा रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. बाबा, म्हणजे अर्विन, हे कॅन्ससच्या त्या टीचभर गावाचे डोळे. उभा जन्म त्यांनी पाण्याच्या टाकीखाली ट्रक लावून आभाळावर पहारा दिला होता. ढगातून टोर्नेडोची सोंड उतरताना दिसली की भोंगा वाजवायचा, हे काम त्यांचं. तेच डोळे दोन वर्षांपूर्वी विझले. तेव्हापासून लोरीन प्रत्येक वादळ कॅमेऱ्यात पकडून आणायची, त्यांच्यापुढे लावायची, आणि ऐन सोंड उतरताना तिच्या नवऱ्याची आरोळी सगळ्यावर पाणी फिरवायची. "आलं, आलं, अगं आलं बघ."

"मी काय मुद्दाम ओरडतो?" वेंडेल दारातूनच म्हणाला. मित्रांनी त्याची ती आरोळी सदऱ्यावर छापून त्याला भेट दिली होती, आणि आजही त्यानं नेमका तोच घातला होता. "ते आपोआप आतून येतं."

"येऊ दे. पण आतच राहू दे," लोरीन म्हणाली. "सोमवारपासून तू गव्हाच्या कापणीला जाणार. म्हणजे या साली आजचा एकच दिवस हातात आहे. बाबांना आज वादळ ऐकवायचंय मला. तुझ्याशिवाय."

"मग मला घरीच ठेव ना."

"गाडी कोण चालवेल?"

कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव, तिकडचे बिरॉक, तिनं फडक्यात बांधून घेतले. गाडीची किल्ली फिरवण्याआधी नेहमीसारखे डोळे मिटले. "देवा, जे उतरायचं असेल ते मोकळ्या रानात उतरू दे, कुणाच्या छपरावर नको."

"आणि जरा जवळ उतरू दे," वेंडेलनं टोपी काढून नेहमीची पुस्ती जोडली. "आमेन."

पश्चिमेकडच्या पेट्रोल पंपावर वादळवेड्यांची जत्रा भरली होती. जो तो फोनमधल्या नकाशात डोकं घालून उभा. दाढीवाल्या रस्टीनं वेंडेलला हटकलं. "काय रे, घसा साफ केलास का?"

"आज मौन आहे."

"मग झालंच. तुझ्या हाकेशिवाय ते यायचं नाही."

सगळे हसले आणि धडाधड गाड्या उत्तरेला पळाल्या. लोरीन मात्र दक्षिणेकडच्या एकट्या ढगाकडे बघत राहिली. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा तो चढत चालला होता. "तिकडचे सगळे ढग एकमेकांच्या अंगावर पडतील," ती म्हणाली. "याच्या वाटेत दुसरा ढग नाही. आणि तिथे दुसरं कुणी ओरडणारही नाही."

तासाभरात ते त्या ढगाच्या दक्षिणेला, खडीच्या रस्त्यावर उभे होते. ढगाचं काळं पोट जात्यासारखं सावकाश फिरत होतं. खाली नुसतं कुरण होतं आणि दूर काही गाई. लोरीननं रस्त्याकडेच्या चरात माइक ठेवला. वाऱ्याची फरफर येऊ नये म्हणून आईच्या जुन्या कोटाची केसाळ कॉलर तिनं त्यावर शिवली होती.

"मेलेल्या घुशीसारखं दिसतंय," वेंडेल म्हणाला.

"गाडी बंद कर."

त्याचा चेहरा उतरला. "परत चालू नाही झाली तर?"

"बाबांना इंजिन ऐकवायचं नाहीये मला."

वेंडेलनं ढगाकडे पाहिलं, मागच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. केवढी शांतता झाली. कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा चंडोल गात होता. कुठेतरी पवनचक्की कुरकुरत होती.

मग समोर अर्ध्या मैलावर कुरणातली माती गिरकी घेऊन उठली. ढगातून पांढरी सोंड वळवळत खाली आली, मातीला टेकली, आणि ढगाच्या कडेनं आलेल्या उन्हात नखशिखांत उजळली. वेंडेलचं तोंड उघडलं. पुढच्याच क्षणाला त्यानं अख्खा बिरॉक त्यात कोंबला.

आवाज आला. आधी दूरच्या धबधब्यासारखा, मग जमिनीतूनच वर आल्यासारखा. लोरीनच्या पायांना तो कळला. तिचे ओठ उघडले, आणि शब्द बाहेर पडणार एवढ्यात वेंडेलनं, गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, ओठांवर बोट ठेवलं.

तिनं ओठ मिटले.

सोंड कुरण तुडवत गेली, बारीक झाली, दोरीसारखी वळली आणि विरली. एक छप्पर उडालं नाही, एक गाय दुखावली नाही. लोरीननं माइक उचलला. "आता ओरड."

वेंडेलनं घास गिळला. "आता काय ओरडू? गेलं की ते."

गाडी दुसऱ्या खेपेला चालू झाली आणि दोघं घरापर्यंत हसत आले.

संध्याकाळी बाबांनी हात टेबलावर पसरले आणि मान कलती केली.

"चंडोल," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "या पवनचक्कीला कुणी तेल घालत नाही का?" मग कपाळाला आठी पडली. "आणि हे खातंय कोण?"

"ऐका तर," लोरीन म्हणाली.

गर्जना उठली. बाबांचे पंजे टेबलावर घट्ट दाबले गेले. विझल्या डोळ्यांवरच्या भुवया हळूहळू वर चढल्या, पाठ सरळ झाली, आणि टाकीखाली ट्रक लावून बसणारा तो पहारेकरी खुर्चीतून उठून उभा राहिला.

"आलं," ते ओरडले. "आलं, अगं आलं बघ."

"शूऽ, बाबा," वेंडेल म्हणाला. "आता मला फक्त सासरे ऐकू येतायत."

बाबांना हसू आवरेना. "गप रे. परत पहिल्यापासून लाव, पोरी."