सतरा नंबरच्या ओळीतला फाउल

सामन्याचं लिखाण, म्हणजे टेबलाशी बसून गुण आणि फाउल कागदावर टिपायचं काम, मावशीकडेच आलं. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. काचेच्या नळ्या मोजण्यात तिचा हात कुणी धरला नसता, पण बास्केटबॉलशी तिचा संबंध एवढाच, की तिची भाची सात नंबरचा शर्ट घालून कॉलेजकडून खेळायची. नेमक्या अंतिम सामन्याच्या सकाळी नेहमीचा लेखनिक तापाने आडवा झाला.

खेळाच्या सरांनी अर्ध्या तासात नियम तिच्या गळी उतरवले. "एका खेळाडूचे पाच फाउल झाले, की ती बाहेर. आणि एका क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव सामन्यात, संघाचे चार झाले, की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो. म्हणजे रेषेवर उभं राहून मोकळा नेम, मध्ये कुणी आडवं यायचं नाही. एका नेमाला एक गुण."

"आणि माझं चुकलं तर?"

"चुकू नका म्हणजे झालं," सर म्हणाले आणि गेले.

शिट्टी वाजली की मावशी दचकायची. पंच बोटांनी नंबर दाखवायचे, ती त्या ओळीत फुली मारायची. असं करत शेवटचे नऊ सेकंद उरले. आपलं कॉलेज एका गुणाने पुढे होतं आणि पुन्हा शिट्टी वाजली. भाचीने समोरच्या मुलीला धक्का दिला होता. या क्वार्टरमधला संघाचा हा पाचवा फाउल, म्हणजे दोन फ्री थ्रो. मावशीने सातच्या ओळीत फुली मारली. चौथी.

तेवढ्यात तिची नजर खालच्या ओळीवर गेली. सतरा नंबरसमोर दुसऱ्या क्वार्टरची एक फुली होती. पण सतरा नंबर तर मध्यंतरापर्यंत बाकावरच बसलेली! गडबडीत सातची फुली तिनेच सतराच्या ओळीत मारली होती. म्हणजे भाचीचा हा पाचवा.

"सात नंबरचा चौथा ना?" पंचांनी विचारलं.

कुणाला कळणार होतं? भाची शर्टाला हात पुसत उभी होती, टेबलाकडे न बघता.

"थांबा," मावशी म्हणाली. "पाचवा आहे. एक मी चुकीच्या ओळीत लिहिलाय."

पंचांनी कागद दोनदा तपासला, मान हलवली. सर तरातरा आले. "हे आत्ता सुचलं तुम्हाला?" मावशीने सतराची फुली खोडून सातच्या ओळीत मारली. भाची बाहेर आली. समोरच्या मुलीने दोन्ही नेम साधले. उरलेल्या सेकंदांत सतरा नंबरने मारलेला चेंडू बास्केटच्या कड्यावर आपटून बाहेर पडला. सामना एका गुणाने गेला.

मैदान रिकामं झालं तरी मावशी टेबलाशीच बसून होती. आता बहिणीला कुठल्या तोंडाने सांगायचं? भाची टॉवेल खांद्यावर टाकून समोर येऊन उभी राहिली.

"मावशी, मी पण मोजत होते."

"काय?"

"फाउल. पाच झालेत, मला माहीत होतं. पंच चौथा म्हणाले तेव्हा तू चारच लिहिलेत असं वाटलं, म्हणून गप्प राहिले. आता सरांना सांगणार तू?"

मावशीला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला, आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीपैकी तिने काहीच केलं नाही. टेबलामागच्या बाकावर थोडी सरकली.

"बस आधी," ती म्हणाली. "पाणी पी."