बेबीनंदाबाईच्या हाताची ड्युटी

"आत्याबाई, तुमी शेडनेटात यायचं न्हाई म्हंजी न्हाई," रूपालीने सकाळी सातलाच सासूला बजावले. "काल चार कळ्या देठासगट तोडल्या तुमी. घरी निवांत बसा."

निवांत बसणे बेबीनंदाबाईला कोणी शिकवलेच नव्हते. मंठ्याच्या बाजूला टोमॅटोच्या बियाण्याचे शेडनेट लागले की क्रॉसिंगचा, म्हणजे हाताने परागीकरण करण्याचा, पहिला सांगावा तिला यायचा. मादीझाडाची कळी चिमट्याने सोलायची आणि तिला नरफुलाची पूड लावायची, यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. अडीच वर्षांपूर्वी तोच हात आपोआप हलायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हातही असा लबाड, की कामात असला तर थोडेफार ऐकायचा आणि मोकळा ठेवला की नाचायचा. नवरा तातेराव म्हणायचा, "हिचा हात अन् माझा मोबाईल, दोनी व्हायब्रेटवर." तीही हसायची. पण आपण आता कोणाच्या कामाचे उरलो नाही, हे तिला आतून खात होते.

रूपाली गेली आणि अर्ध्या तासात बेबीनंदाबाई शेजारच्या हसीनाला सोबत घेऊन शेडनेटच्या दारात हजर.

आत वेगळीच तारांबळ उडाली होती. फुले उमलून बसलेली, दहाच्या आत पूड लावली नाही तर सगळी वाया, आणि पूडच पडत नव्हती. वाळवलेल्या नरफुलांच्या डब्याला फडके बांधून, तो वाटीवर उपडा धरून रूपाली गदागदा हलवत होती. खांदे भरून आले होते. सासू दिसली तरी भांडायला सवड नव्हती.

"आल्याच तर धरा ह्यो डबा. बिलकुल काई करू नका. नुसत्या बसा," म्हणत ती पाणी प्यायला गेली.

बेबीनंदाबाई नुसती बसली. काम नाही म्हटल्यावर हात लागला नाचायला. बारीक, एकसारखा, न थकता. फडक्यातून पिवळी पूड पिठासारखी झरू लागली.

"या अल्ला," हसीना वाकून बघत म्हणाली. "रूपाली, इधर आ जल्दी. तुझी सास तर मशीन हाय."

रूपाली धावत आली. वाटीचा तळ झाकला होता.

"मी काईच करून न्हाई राह्यली," बेबीनंदाबाई घाईने म्हणाली. "तू म्हणलीस तशी बसली."

हसीना हसत हसत खालीच बसली. रूपालीलाही आवरेना. बेबीनंदाबाईला हसू फुटले तसा हात दुप्पट हलला आणि पूडही दुप्पट पडली. दहाच्या आत शेवटचे फूल झाले.

मग काय, आजूबाजूच्या शेडनेटवाल्यांची बोलावणी सुरू झाली. तातेराव तिला फटफटीवर मागे बसवून न्यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "सरका, मशीन आली." इतकी खूश ती लग्नातही नव्हती, असे तोच सांगायचा.

महिन्याने सासूसुना तपासणीला जालन्याला गेल्या. डॉक्टर म्हणाले, "गोळी बदलतो. थरथर बरीच कमी होईल."

बेबीनंदाबाईचा चेहरा उतरला. "साहेब, पार बंद नका करू. सकाळी धा वाजेस्तोर त्याला ड्युटी असती."

रूपालीने सगळे समजावून सांगितले तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. गोळी मात्र त्यांनी बदललीच, तीही सकाळी घ्यायची.

बाहेर आल्यावर बेबीनंदाबाई पायरीवरच थांबली. "हात थांबला तर मंग मी काय करू गं?"

"थांबला तर चिमटा धरा," रूपाली तिचा तोच हात धरून म्हणाली. "कळ्या सोलायला बाया कमीच पडून राह्यल्या. घरी बसायचं न्हाई म्हंजी न्हाई."