माठाखालची प्रिमुला

मी प्रिमुला बोलतेय, थंड हवेतलं फुलझाड, आणि घाईत बोलतेय. कारण वरच्या पायरीवर ऊन येऊन बसलंय.

जन्म माझा निलगिरीतल्या कुन्नूरचा. तिथल्या धुक्यात भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. उदगीरच्या शिवगंगाबाईंचा जावई तिथं फौजेत आहे. त्यांची लेक उज्वला संक्रांतीला माहेरी आली, ती माझी कुंडी मांडीवर घेऊन. जाताना म्हणाली, "आई, हिला जप. बाळंतपणाला येईन तवा बघते."

बाईंनी मला आधी तुळशीशेजारी भर उन्हात ठेवलं. मी दुपारपर्यंत मान टाकली. घाबरून त्यांनी स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली सरकवलं, आणि मी जगले. माठ रात्रंदिवस पाझरायचा, माझी माती गार राहायची. बाईंना मात्र वाटायचं, आपल्या तांब्याभर पाण्यानंच ही तगली. माणसांना आपल्या हाताचं फार कौतुक! ते पाणी थेट पानांच्या मधोमध ओतायच्या. कोंब कुजेल म्हणून मी धास्तावून जायची.

पुढं डॉक्टरांनी उज्वलाचा प्रवासच बंद केला. तेव्हापासून बाई रोज माझी पानं कुरवाळत पुटपुटतात, "तू जगलीस तर माझी लेक सुखरूप सुटंल." ते ऐकलं की माझी मुळं आखडतात. एक पान पिवळं पडलं, तर बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आज सकाळी थोरल्या लेकानं, दयानंदनं फ्रिज आणला.

"आई, आता माठ कशाला? तिवई काढ, तिथंच फ्रिज बसतोय."

"आन् हे झाड रे?"

"गच्चीवर ठेव की. उजेड लागतोय झाडाला."

गच्ची! वैशाखातली! मी ओरडले असते, पण झाडाला तोंड कुठलं?

बाई मला घेऊन जिना चढत होत्या, तेवढ्यात जावयाचा फोन आला. उज्वलाला दवाखान्यात नेलं होतं, दिवस भरायच्या आधीच. बाईंनी मला तिथंच पायरीवर टेकवलं आणि त्या कुन्नूरला निघायला धावल्या. दयानंद त्यांच्यामागं गेला. माझ्याकडं कुणी वळून पाहिलं नाही, आणि त्यांनी पाहावं तरी का?

ऊन आता माझ्या पायरीवर उतरलंय. पानांच्या कडा भाजतायत. मला मरायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. बाई परत येतील आणि मला अशी मान टाकलेली बघतील.

तुम्ही ऐकताय ना? मग त्यांना एवढं सांगा: बाई, मी फक्त झाड आहे. मला ऊन लागलं, एवढंच झालं. तुमच्या लेकीचा जीव माझ्यात नव्हता.