साहेबांच्या खुर्चीतली उशी

काकांच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम माझ्याकडे आहे, आणि पॉलिशच्या फडक्यांचं पालकत्वही. जवसाच्या तेलाची फडकी एकत्र कोंबली की आपली आपण तापतात, पेटतातसुद्धा. काडीसुद्धा लागत नाही. म्हणून काकांचा नियम, "यांना एकमेकांजवळ येऊ द्यायचं नाही." मी ती अंगणातल्या दोरीवर हातभर अंतराने टांगतो, आणि वाळून कडक झाली की पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पिंपात टाकतो.

काकूला ती दोरी बघवत नसे. "दारात चिंध्या! लोक काय म्हणतील?"

त्या दिवशी अग्निशमनचे साहेब तपासणीला येणार होते. त्यांची सही झाली नाही तर कारखान्याला कुलूप. काकांनी सकाळपासून दोनदा दाढी केली होती.

साहेब चारला आले. दोरी रिकामी. मला वाटलं, काकांनी आवरली. काकांना वाटलं, मी. आम्ही एकमेकांकडे कौतुकाने बघितलं.

साहेबांनी वाळूच्या बादल्या बघितल्या, पिंपात डोकावले आणि लिहायला खुर्चीत बसले. खुर्चीवर फुलाफुलांची नवी उशी होती.

"वा, उबदार आहे."

"आमच्याकडे आपुलकी फार," काका म्हणाले.

साहेब डावीकडे सरकले. मग उजवीकडे. "आत्ताच कुणी उठून गेलं का इथून?"

"छे हो," काकू लाजून म्हणाली, "दुपारीच शिवली. त्या चिंध्यांच्या छान घड्या घालून आत दाबून भरल्या. बघा, नाव काढलं की नाही!"

काका पांढरेफटक पडले. तेवढ्यात धूर आला.

"साहेब, उठा!" मी उशी ओढली, पिंपात बुडवली, झाकण दाबलं. फुस्स झालं. साहेबांच्या पँटला मागे एक तपकिरी फूल उमटलं होतं.

काकांनी कुलूप-किल्ली स्वतःहूनच पुढे केली.

"पिंप किती लांब होतं?" साहेबांनी मला विचारलं.

"चार पावलं."

"आणि चिंध्या आधी कुठे होत्या?"

"दोरीवर," काकू पुटपुटली. "लोक काय म्हणतील म्हणून काढल्या."

साहेबांनी सही केली. उभ्यानेच. खाली शेरा लिहिला: 'पिंप जागेवर. फडकी दोरीवरच टांगावीत. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्यावं.'

काकूने त्या शेऱ्याची फ्रेम करून दोरीशेजारी लावली. फ्रेमला पॉलिश मी केलं. त्याचं फडकं मात्र तिने स्वतः टांगलं, हातभर अंतर मोजून.